उद्या तळं

"पोरगी बोलत नाय, पण गळ बरा बांधते."

हे वाक्य मी स्वयंपाकघराच्या पत्र्याच्या भिंतीआडून ऐकलं. मी मागच्या अंगणात केळीच्या बुंध्याशी गांडुळं खणत होते. आत राघूमामा चहा पीत होते.

आई म्हणाली, "गळ बांधून संसार होतो का, राघूदादा?"

"न बोलता तरी कुठं होतो?"

आईने स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली. माझा डबा भरला होता, तरी मी तिथेच उकिडवी बसून राहिले. मामांच्या तोंडून असं मोजमाप मी आजवर दुसऱ्या मुलींचं ऐकलं होतं. या खेपेला ते माझं होतं.

राघूमामा माझे सख्खे मामा नव्हते. आईचं माहेर लालमती गावचं आणि मामाही लालमतीचे, एवढंच नातं. पण आमच्या ब्रीझे वेर्दिएर गावात त्यांना कुणी परकं समजत नसे. सायकल दारात टेकवायची, चुलीवर काय आहे ते वास घेऊन ओळखायचं आणि न विचारता पाटावर बसायचं, ही त्यांची पद्धत. ते बेटाच्या पूर्वेकडच्या, आमच्या फ्लाक भागातल्या बसवर कंडक्टर होते. अंगाने उंच. बसच्या ठेंगण्या छताखाली इतकी वर्षं काढली होती, की मोकळ्या आभाळाखालीही मान थोडी वाकवून चालत. बस सोडताना ते बाहेरच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारीत, आणि ही सवय त्यांच्यासोबत घरी आली होती. जेवण संपलं की पाटाच्या कडेला दोन थापा. बैठकेतली, म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या खोलीतली, सभा लांबली की बाकावर दोन थापा. कुणाचं रडगाणं ऐकून झालं की स्वतःच्या गुडघ्यावर दोन थापा. म्हणजे हे झालं, पुढे चला.

बसमध्ये त्यांचा एक हट्ट होता. उतारूने कुठे उतरायचं ते तोंडाने सांगितलं पाहिजे. आमच्या म्हाताऱ्या बायकांना घरातून निघाल्यावर कुणी 'कुठे' विचारलेलं खपत नसे. त्यांच्यासाठी मामा "कुठवर, काकी?" असं विचारीत. पण उत्तर ऐकल्याशिवाय तिकीट फाडत नसत. एकदा टाय लावलेल्या एका कारकुनाने वर्तमानपत्रातून डोकं न काढता नुसतं बोट पुढे केलं. मामा म्हणाले, "बोटाला तिकीट नाय, मिस्ये." कारकून रागावला आणि बोललाच नाही. बस त्याला शेवटच्या थांब्यापर्यंत घेऊन गेली. तक्रार झाली. वरच्या साहेबाने जाब विचारला तेव्हा मामांनी सांगितलं, "बोलून सांगितलेलं मी चुकत नाय. खुणेनं सांगितलेलं एकदा चुकलो होतो."

साहेबाला वाटलं, ते तिकिटाबद्दल बोलताहेत. आम्हालाही तसंच वाटे. ही गोष्ट ते हसवण्यासाठी सांगत आणि आम्ही हसत असू.

तळ्याचं वेड त्यांना कधी लागलं ते मला माहीत नाही. मला कळायला लागल्यापासून ते होतंच. लालमतीच्या एका भाजीवाल्याकडे लॉरी होती. रविवारी तिला काम आहे की नाही हे त्याला शुक्रवारी दुपारी कळे. मामांची पुढच्या दिवसांची पाळीही शुक्रवारीच लागे. दोन्ही जुळलं की संध्याकाळी मामा सायकलवरून निघत आणि तीन-चार घरांच्या दारात थांबून दोनच शब्द बोलत, "उद्या तळं." उतरतसुद्धा नसत. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर.

मग त्या घरांत धावपळ उडे. रात्रीतून पोळ्यांसारखे फराटे लाटायचे, टोमॅटोची रुगाय शिजवायची, कांबळी काढायची, कारण मार ओ वाकोआचं तळं उंचावर आहे आणि तिथे आमच्या फ्लाकच्या माणसाला थंडी वाजते. शनिवारी दुपारी लॉरी येई. कोबीच्या पानांचा वास, दोन बाजूंना फळ्या, मध्ये आम्ही. कार्तिए मिलितेरच्या चढावर धुकं लागलं की मामा सगळ्यांना स्वेटर घालायला लावीत आणि स्वतः सदऱ्यावर बसत. वाकोआत कुणाच्या तरी घरी मुक्काम, आणि रविवारी उजाडताना तळं.

मुक्काम कुणाच्या घरी, याला अर्थ होता. त्या घरात लग्नाचा मुलगा असे आणि लॉरीत लग्नाची मुलगी. हे सगळ्यांना ठाऊक असे आणि कुणीही त्याचा उच्चार करीत नसे. उसाच्या मळ्यांसाठी पिढ्यांमागे आलेली आपली मराठी माणसं या बेटावर थोडी. कुणाचं स्थळ कुणी बघितलं आणि कुणाला नापसंत केलं, हे एका बैठकेतून दुसऱ्या बैठकेत आठवड्याच्या आत पोचायचं आणि मुलीच्या नावाला चिकटायचं. तळ्यावर गेलेल्या मुलीबद्दल कुणी काही बोलू शकत नसे. ती मासे धरायला गेली होती.

आधी कळवायचं नाही, यामागेही त्यांचा विचार होता. "आठ दिस आधी सांगितलं तर पोरगी शालू नेसते, पोरगा डोक्याला पोमाद लावतो, आई-बाप उसन्या बांगड्या घालतात. मग मी बघायचं कुणाला?" एकदा कांप दे मास्कच्या एका घराला लॉरीवाल्याकडून आधी सुगावा लागला. मुलगी रेशमी साडीत आली. मुलगा टाय लावून काठावर उभा राहिला. गांडूळ गळाला लावायची वेळ आली तेव्हा त्याने आईला हाक मारली. मामा दिवसभर गप्प होते. परत येताना एवढंच म्हणाले, "आज मासे कपडे घालून आले होते."

स्वतः मामांना मासे धरता येत नसत, हे मी इथे लिहून टाकते. त्यांच्या काठीला क्वचितच काही लागे, आणि लागलं तर ते इतक्या जोरात ओढत की एखादी गुरामी मागच्या झुडपात जाऊन पडे. आणि ती झुडपंही काटेरी. त्यांच्या टोपलीत बहुधा तळ्याकाठचे लाल गोयावच, म्हणजे रानपेरूच, जास्त असत. पण त्यांचं लक्ष काठीकडे नसे. गळाच्या दोऱ्या एकमेकांत अडकल्या की ते सरसावून बसत. तळ्यावर वारा फार, दोऱ्या अडकायच्याच. एका मुलाने गुंता झाल्याबरोबर ब्लेड काढून दोरी कापली. दुसऱ्याने तो शेजारच्या लहान बहिणीच्या अंगावर ढकलला आणि तिलाच रागावला. एकजण अर्धा तास बसून गाठी सोडवत राहिला आणि सुटल्यावर कुणाला दाखवायलाही गेला नाही. मामा तिन्ही वेळा काही बोलले नाहीत. जे काय दिसायचं ते मुलीला दिसलेलं असे.

खरी गोष्ट परतीला घडे. लॉरी मुलीच्या दारात थांबली, ती खाली उतरली, की मामा मागच्या फळीवर हात टेकून वाकत आणि सगळ्यांच्या देखत विचारीत, "हो का नाय? मोठ्यानं."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचा राग आला होता. मी तेरा वर्षांची होते. मला वाटलं, हा काय जुलूम, चारचौघांत! आतल्या खोलीत आईने विचारावं, मुलीने मान हलवावी, ही आपली रीत. मामांना मान चालत नसे. "मान हलवलेली मला दिसत नाय," असं म्हणत. माझ्या चुलतबहिणीने, शांताने, घाबरून "वी" म्हटलं. मामा म्हणाले, "मराठीत सांग. क्रेओलमध्ये बसवाल्यालासुद्धा हो म्हणतात." तेव्हा ती इतक्या जोरात "हो!" म्हणाली की शेजारचा कुत्रा उठून भुंकायला लागला. मामांनी फळीवर दोन थापा मारल्या आणि लॉरी निघाली. पुढे एका मुलीने "नाही" म्हटलं. तेव्हाही त्याच दोन थापा. तेवढ्याच जोराच्या. मुलाच्या घरी काय सांगायचं ते मामा बघून घेत. त्या मुलीच्या आईने महिनाभर त्यांना चहा विचारला नाही, पण ते त्या पाटावर जाऊन बसतच राहिले.

मी या सगळ्या फेऱ्यांना होते, कारण माझी बोटं बारीक होती आणि मला गळ बांधता येत. ते मला मामांनी शिकवलं. दोरीचा फास कसा घ्यायचा, तोंडाने ओला कसा करायचा, मग ओढायचा. मी इंग्रजी शाळेत शिकले. वर्गात इंग्रजी, रस्त्यावर क्रेओल, घरी मराठी, आणि तिन्ही ठिकाणी मी गप्प. मराठी लिहायला मी बैठकेत शिकले. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून ते मला जमलं. मामांना माझ्या गप्प बसण्याचं काही वाटत नसे. ते माझ्याशी बोलत आणि उत्तराची वाट बघत नसत. मोठ्या माणसांत असा दुसरा कुणी मला भेटला नव्हता. त्यामुळे त्यांचा प्रश्न एक दिवस माझ्याकडे येईल हे मी कधी मनावर घेतलं नाही.

त्या शुक्रवारी, मी गांडुळं खणत होते तेव्हा, तो प्रश्न आमच्या दाराशी आला; मामा 'उद्या तळं' म्हणून पुढे गेले नाहीत, सायकल टेकवून चहाला आत बसले. ऊसतोड सुरू व्हायला अजून अवकाश होता. माझा शाळेचा शेवटचा निकाल लागला होता आणि मला मास्तरीण होण्याच्या शिक्षणाला जायचं होतं. हे मी वडिलांना एकदाच सांगितलं होतं. ते म्हणाले, "लग्नानंतर बघू." लग्नानंतर बघू म्हटलेल्याचं काय होतं ते मी शांताच्या घरी पाहिलं होतं. तिची पुस्तकं कपाटावर होती आणि त्यांवर पिठाचा डबा.

रात्री फराटे लाटताना आईने सांगितलं, "मुक्काम यशोदाकाकींकडे आहे."

यशोदाकाकी म्हणजे मामांची धाकटी बहीण. तिचं लग्न पश्चिमेकडे, मिठागरांच्या बाजूला झालं होतं. नवरा तिच्या दुप्पट वयाचा. तो गेल्यावर ती मुलाला घेऊन वाकोआत येऊन राहिली. मुलगा, अनंत, चहाच्या कारखान्यात हिशेबनीस होता. एकुलता एक. आजवर मामांनी दुसऱ्यांसाठी तळं केलं होतं. हे तळं त्यांच्या बहिणीसाठी होतं. आई लाटणं थांबवून म्हणाली, "सुमे, राघूदादांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही." मग तिने पुढचा गोळा पोळपाटावर घेतला. मी तव्यावरचा फराटा उलटला.

अनंतला नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. अडचण तीच होती. तो हळू बोले, आईच्या हातातली बादली घेई, आणि मला "तुम्ही" म्हणे. रविवारी सकाळी वारा सुटला आणि त्याची दोरी माझ्या वडिलांच्या दोरीत अडकली. वडील "ओढ, ओढ" म्हणत राहिले. त्याने ओढलं नाही. दगडावर बसून, थंडीने लाल झालेल्या बोटांनी त्याने तो गुंता सोडवला आणि वडिलांची काठी आधी त्यांच्या हातात दिली. मामा माझ्या बाजूला उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, पण त्यांचं सगळं अंग माझ्याकडे बघत होतं. तेवढ्यात त्यांच्या काठीला काहीतरी लागलं आणि निसटलं, ते त्यांना कळलंही नाही.

दुपारी पाइनच्या झाडांखाली जेवायला बसलो. यशोदाकाकी वाढत होती. अंगाने किरकोळ, हसरी. तिने त्या दिवशी ठेवणीतली चादर अंथरली होती, आणि माझ्या पानात ती दुसऱ्यांदा रुगाय वाढायला आली तेव्हा मी मानेनेच नको म्हटलं.

"बघा, मानेनं सांगते," काकी म्हणाली. "दादांसमोर असं करू नको गो. दादांनी माझं लग्न मानेवरून ठरवलं."

सगळे हसले. वडिलांनी विचारलं, "ते कसं?"

"मला आत बोलावलं. दादा तेव्हा नुकते बसवर लागलेले, घरात तेच शिकलेले. म्हणाले, स्थळ आलंय, काय म्हणतेस? मी खाली मान घालून उभी. दादा बाहेर जाऊन म्हणाले, होकार हाय." ती वाढता वाढताच सांगत होती. "खूप वर्षांनी मला विचारतात कसे, यशोदे, तू तेव्हा मान का हलवलीस? म्हटलं, मी हलवली नव्हती. मी नुसती खाली बघत होते. खाली बघायला तुम्हीच शिकवलं होतं ना?"

तीही हसली. खरंच हसली, तिच्या आवाजात काही बोच नव्हती. अनंत मात्र पानाकडे बघत होता.

मामा उठले. "काठीला लागलंय वाटतं," म्हणाले आणि काठाकडे गेले. काठी आम्हाला बसल्या जागेवरून दिसत होती. तिला काही लागलेलं नव्हतं. ते तिथे पाठमोरे उभे राहिले, मोकळ्या आभाळाखाली मान थोडी वाकवून, आणि जेवण आटोपेपर्यंत परत आले नाहीत. काकीने त्यांचं पान झाकून ठेवलं.

निघताना काकीने माझ्या हातात गोयावची पिशवी दिली आणि माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. "परत ये," एवढंच म्हणाली.

आम्ही लॉरीत चढलो. वडील खुशीत होते. चहाच्या कारखान्यातला पगार, घराचं नवं छप्पर, मुलाचा स्वभाव, हे सगळं ते आईला हळू आवाजात सांगत होते. मामा मागच्या फळीला टेकून, पाय लांब करून बसले होते. आता त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि चढउतारावर गुडघा धरावा लागत होता. ती त्यांची शेवटची फेरी ठरली. नंतर गुडघ्यांनी लॉरीत चढू दिलं नाही, आणि गेल्या हिवाळ्यात ते गेले. मला ते आठवतात ते मात्र पुढच्या काही क्षणांतले.

ब्रीझे वेर्दिएरला आलो तेव्हा उसाच्या शेंड्यांवर अजून थोडं ऊन होतं. शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या. आई उतरली, वडील उतरले, मी उतरले. एका हातात गळांचा डबा, दुसऱ्या हातात गोयाव. मामा उठले, मागच्या फळीवर आले आणि वाकले. त्यांना मी काय म्हणावं असं वाटत होतं, हे लॉरीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. त्यांनी तोंडावर ते दिसू दिलं नाही. बसमध्ये तिकीट विचारताना असतो तसाच चेहरा.

"हो का नाय? मोठ्यानं."

मी खाली पाहिलं. माझ्या चपलेला तळ्याकाठची काळी माती लागून वाळली होती.

 मग वडील हसून म्हणाले, "अहो राघूदादा, बघताय ना? खाली मान घातली पोरीनं. झालं की! आता अजून काय पाहिजे? चला, चला."

"मला दिसत नाय," मामा म्हणाले.

"आम्हाला दिसतंय ना!"

"तुम्हाला दिसू दे."

त्यांचा तळहात फळीवर टेकलेला होता. ते थापा मारत नव्हते. ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवलं होतं आणि फळी थरथरत होती. ते थांबले होते. मला वाटतं, अंधार पडेपर्यंतही थांबले असते.

मी मान वर केली.

"मी नुसती खाली बघत होते, मामा," मी म्हणाले, आणि शेजारच्या बायकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "नाही."